हंगाम माणसांचा आणि हंगाम फुलांचा

मे महिना संपत आला कीं एकोणिसाव्या शतकांत महाबळेश्वरच्या बंगल्यांतून सामान बांधण्याची घाई उडत असे. मुंबई सरकारचा कारभार उन्हाळ्यापुरता त्या माथ्यावर येई, आणि पावसाची चाहूल लागतांच दप्तरांच्या पेट्या, घोडे, नोकरचाकर यांसह घाट उतरून पुण्यास जाऊन बसे. मागें राहिलेल्या बंगल्यांच्या भिंती गवताच्या ताट्यांनीं झांकून घेत, दारांना कुलुपें पडत, बाजारांतलें शेवटचें गिऱ्हाईक निघून जाई. मग चार महिने त्या ओसाड माथ्यावर दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळत राही. आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत, पाहावयास कोणी नसतांना, सह्याद्रि फुलत असे.

पाहावयास कोणी नव्हतें, हें म्हणणें अर्थात् बंगल्यांच्या हिशेबानें खरें. डोंगरावर धनगर होता, कोळी होता, खालच्या खोऱ्यांत काथोडी आणि ठाकर होता. त्यांना उन्हाळ्यांत वर जाऊन पावसाळ्यांत खालीं उतरण्याची सोय नव्हती व गरजही नव्हती. परंतु ज्यांनीं ग्रंथ लिहिले, नकाशे काढले आणि नांवें ठेवलीं, त्यांचा हंगाम एक आणि फुलांचा हंगाम दुसरा, अशी ही फारकत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. सह्याद्रीच्या रानफुलांची जी माहिती आज छापील पानांवर आहे, तिच्यावर या फारकतीची छाप जागोजाग उमटलेली दिसते.

या फारकतीचा आरंभ सांगतां येण्यासारखा आहे. पुढें जनरल झालेला लॉडविक हा १८२४ सालीं महाबळेश्वरच्या माथ्यावर चढला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें १८२८ सालीं तेथें वसाहतीचा पाया घातला, आणि पुढच्याच वर्षीं सातारचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्याशीं करार करून ती जागा कंपनीच्या ताब्यांत घेतली. माथेरानची वाट ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानें १८५० सालच्या मे महिन्यांत धरली. तेथें १९०७ सालीं नेरळहून लहान रेल्वे गेली, आणि ती गाडीही पावसाळ्यांत बंद ठेवण्याची रीत पडली. मराठींत या गांवांना जें नांव मिळालें तेंच पुरेसें बोलकें आहे. ‘थंड हवेचें ठिकाण’ म्हणजे मैदानांतल्या उन्हाळ्यावरचा उतारा. डोंगर स्वतः कसा आहे, त्यावर काय उगवतें, याचा त्या नांवाशीं कांहीं संबंध नाहीं.

साहेबलोकांच्या मागोमाग मुंबई-पुण्याचीं सुशिक्षित कुटुंबेंही याच हंगामानें चालूं लागलीं. लोकमान्य टिळक उन्हाळ्यांत सिंहगडावरच्या आपल्या बंगल्यांत मुक्कामास जात. ज्यांना बंगला परवडत नसे ते दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत डबा बांधून एका दिवसाची फेरी करून येत. यांत दोष तरी कोणाला द्यावा? श्रावणांत महाबळेश्वरास अंथरूण वाळत नाहीं, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी चढते, आणि धुक्यामुळें दहा पावलांवरचा माणूस दिसत नाहीं. निसर्गाची आवड असणाऱ्या माणसालाही कोरडा सदरा लागतो.

तथापि जें हुकत होतें तें थोडेंथोडकें नव्हतें. उन्हाळी पाहुण्याला सह्याद्रीचीं फुलें दिसत तीं बहुतेक झाडाझुडपांचीं. पळस, पांगारा, सांवर यांचा सोहळा पानगळीच्या रानांत होऊन जातो; करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात; आंजनीच्या फांद्यांना निळे-जांभळे गुच्छ लगडतात; पुढें बहावा पिवळा होतो. हें सारें उंचावर, नजरेच्या पातळीवर किंवा तिच्या वर. भुईचें फूल त्याच्या वांट्यास येत नसे, कारण भुई तेव्हां भाजलेली असते.

भुईचा क्रम शेतकऱ्याच्या नक्षत्रांप्रमाणें चालतो. मृगाच्या दोन सरी झाल्या कीं सड्यावरच्या भेगांतून दीपकाडीचे पांढरे दांडे वर येतात. आर्द्रा-पुनर्वसूंत रानहळद आणि चवर यांचे तुरे पानांआधीं किंवा पानांबरोबर मातींतून डोकें काढतात, पांढऱ्या मुसळीच्या काड्या उभ्या राहतात, आणि गवतांतून भुईआमरीच्या जाती एकामागून एक दिसूं लागतात. श्रावणांत उतार तेरड्यानें गुलाबी होतात. मघा-पूर्वांत सड्यावर गेंदाचीं पांढरीं बोंडें इतकीं दाटतात कीं दुरून पाहणारास कोणी मीठ सांडलें असें वाटावें. त्यांच्या मधून मधून सीतेच्या आसवांचे निळे ठिपके. उत्तरा लागली कीं पिवळ्याची पाळी येते, कवला आणि सोनकी. हस्ताच्या गडगडाटांत हें पिवळें टिकून राहतें, आणि चित्रा सरतां सरतां गवत वाळूं लागतें. एकाच हातभर जागेवर तीन महिन्यांत चार-पांच वेळां रंग पालटतो. पंधरा दिवस उशिरा पोंचलेल्यानें एक अख्खा अंक चुकविलेला असतो.

सडा हा शब्द शहरांतल्या घरांतून सकाळच्या शेणसड्यापुरता उरला आहे. कोंकणांत व घाटमाथ्यावर त्याचा अर्थ डोंगराच्या डोक्यावरचें सपाट, जांभ्या खडकाचें पठार असा आहे. या खडकावर माती असते ती कोठें वीतभर, कोठें बोटभर. पावसाळ्यांत तिच्यावर पाणी सांचून राहतें. उन्हाळ्यांत तीच जागा तव्यासारखी तापते. झाडाला मूळ धरतां येत नाहीं, म्हणून लहान फुलाला सावलीचा जाच नाहीं. पाणी मातींतला कस धुवून नेतें, म्हणून जें उगवेल त्याला अर्धपोटीं राहण्याची संवय लागते. सीतेच्या आसवांनीं त्यावर आपला तोडगा काढला आहे. या नाजूक वनस्पतीच्या तळाशीं मोहरीहूनही बारीक फुगे असतात. पाण्यांतला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशीं आला कीं झांकण आंत उघडतें, पाण्याबरोबर तो जीव ओढला जातो आणि तेथेंच पचतो. एवढें करुण नांव मिळालेलें फूल मांसाहारी निघावें, ही गोष्ट रामकथेच्या भक्तांस जरा जड जाईल.

शहरांतल्या घरांना हीं फुलें अगदींच अनोळखी होतीं असें मात्र नाहीं. तीं डोंगरावर जाऊन पाहिलीं जात नसत, घरीं येत असत. भाद्रपदांत कोंकणांत व मुंबईंत अनेक कुळांच्या गौरी तेरड्याच्या असतात. रोपें मुळासकट आणून त्यांचीच गौर मांडतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्यानें केली त्यानें उतारावरचा तेरडा पाहिला होता, कारण उपटलेल्या तेरड्याला तीन दिवसांचाही धीर नसतो. कळलावीचें फूल गौरीचे हात म्हणून पूजेंत येतें. हरताळकेची आणि गणपतीची पत्री घेऊन डोंगराकडच्या बायका बाजारांत बसत, आजही बसतात. फुलांचा हंगाम अशा रीतीनें टोपलींतून घरापर्यंत येत होता. त्याचें रान तेवढें कोणी पाहिलेलें नसे.

ग्रंथांचा इतिहास पाहतां पहिलें नांव जॉन ग्रॅहमचें घ्यावें लागतें. हा मुंबईच्या टपाल खात्यांतला अधिकारी. मुंबई इलाख्यांतल्या वनस्पतींची त्याची यादी १८३९ सालीं निघाली. ती छापली जात असतांनाच खंडाळ्यास त्याचा मृत्यु झाला, आणि उरलेलें काम निम्मो नांवाच्या स्नेह्यानें पुरें केलें. त्याच काळांत डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हा पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेवर होता. दख्खन-खानदेशांत देवी टोंचण्याच्या कामावर हिंडल्यामुळें त्याला मराठी चांगली अवगत झाली होती. जुन्नरजवळ हिवरें येथेंही त्याच्या देखरेखीखालीं बाग होती, आणि या बागांतून सरकारी इस्पितळांसाठीं औषधी वनस्पति पिकविल्या जात. १८४७ सालीं तो मुंबई इलाख्याच्या जंगलांचा पहिला अधिकारी झाला. निकोल डॅलझेल याच्यासह त्यानें लिहिलेली मुंबईच्या वनस्पतींवरील संहिता १८६१ सालीं प्रसिद्ध झाली.

गिब्सननें १८४७ ते १८५० या काळांत एका चित्रकाराकडून दापोडीच्या बागेंतल्या व सभोंवारच्या रानांतल्या वनस्पतींचीं रंगीत चित्रें काढवून घेतलीं. हीं चित्रें पुढें एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानांत गेलीं आणि दीर्घ काळ तेथेंच पडून राहिलीं. २००२ सालीं हेन्री नोल्टी यांनीं त्यांवर ग्रंथ लिहिला तेव्हां तीं जगापुढें आलीं. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता एवढें कागदोपत्रीं आहे. चित्रांवर त्याची सही नाहीं. पाकळीची दुमड, केसराचा बांक, पानाची उलटी बाजू हें सर्व ज्याच्या डोळ्यानें टिपलें त्याला आपलें नांव कोपऱ्यांत लिहिण्याची मुभा नव्हती, किंवा तें लिहावें असें त्याला वाटलें नाहीं.

डॅलझेलच्या नांवावर आणखी एक गोष्ट आहे. जुन्नरच्या परिसरांतल्या कड्यांवरून मिळालेली एक मांसल वनस्पति त्यानें १८६५ सालीं शास्त्रज्ञांपुढें मांडली आणि तेव्हांचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या नांवावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलें. तिचे भाईबंद बहुतेक निष्पर्ण, निवडुंगासारखे. ही मात्र पावसाळ्यांत पानें धरते आणि उन्हाळ्यांत टाकते. पाऊस ओसरतां ओसरतां तिला तांबूस-काळसर रंगाचें, पिवळ्या नक्षीचें चांदणीसारखें फूल येतें. उभ्या कड्याच्या भेगा हेंच तिचें घर. आज महाराष्ट्रांत तिला शिवसुमन म्हणतात, कारण शिवनेरीच्या कड्यावर ती आढळते. नव्या वर्गीकरणांत तिचें शास्त्रीय कुलनामही बदललें आहे. गव्हर्नर गेला, छत्रपति आले. पुणें-सातारा भागांतल्या मोजक्या कड्यांपलीकडे ती फारशी सांपडत नाहीं, आणि पावसाळ्यानंतर लागलीच त्या कड्यांखालीं न गेल्यास समोर असूनही ती ओळखूं येत नाहीं.

येथें एका व्यावहारिक अडचणीचा विचार केला पाहिजे, कारण तिनें या विद्येचा बराच भाग घडविला आहे. वनस्पतीचा नमुना ठेवावयाचा म्हणजे तो टिपकागदांच्या घड्यांत दाबून वाळवावा लागतो. कोरड्या दिवसांत कागद रोज पालटले कीं आठवड्याभरांत काम होतें. पावसाळ्यांत हवाच ओली. कागद शेगडीवर शेकून पुन्हां पुन्हां घालावे लागतात, आणि एक दिवस चुकला तर पाकळ्या काळ्या पडतात, बुरशी धरते. सड्यावरचीं फुलें तर बहुतेक पाण्याचींच बनलेलीं. गेंद वाळतो, तेरडा वाळत नाहीं. त्याच्या पाकळ्या कागदाला चिकटून राहतात आणि आकार ओळखूं येईनासा होतो. विलायतेंत बसून ग्रंथ लिहिणाराच्या हातीं जें पडे तें असें गाळून आलेलें असे.

विलायतेंत बसून लिहिलेला या प्रांतांतला सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे थिओडोर कुक याचा. कुक हा मूळचा इंजिनीयर. रेल्वेच्या बांधकामावर १८६० सालीं हिंदुस्थानांत आला आणि पुढें १८६५ ते १८९३ पर्यंत पुण्याच्या इंजिनीयरिंग कॉलेजचा प्रिन्सिपल होता. निवृत्त झाल्यावर क्यू येथील उद्यानांत बसून त्यानें मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचें वर्णन सिद्ध केलें. तें १९०१ पासून १९०८ पर्यंत भागाभागानें छापून झालें. अजूनही पश्चिम घाटाच्या वनस्पतींचा अभ्यास करणारा त्याला टाळून पुढें जाऊं शकत नाहीं.

त्या ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीखालीं ती कोठें सांपडली व कोणी आणली याची नोंद आहे, आणि आणणाराच्या नांवापुढें पुष्कळदां उद्गारचिन्ह आहे. नवख्या वाचकास तें आश्चर्याचें वाटतें. वनस्पतिशास्त्राच्या रूढीप्रमाणें त्याचा अर्थ इतकाच कीं, हा नमुना ग्रंथकारानें स्वतः डोळ्यांनीं पाहिला आहे. गिब्सन, डॅलझेल, वुड्रो या साहेबांच्या नांवांमध्यें कानिटकर आणि भिडे हीं नांवें येतात. आणि त्यांच्यांतच एक नांव वारंवार येतें: भिवा! आडनांव नाहीं, हुद्दा नाहीं. घाटांतल्या, चिखलाच्या, जळवांच्या जागांहून आणलेले नमुने क्यूच्या टेबलावर पोंचले आणि त्यांखालीं हें दोन अक्षरांचें नांव छापलें गेलें. दापोडीच्या चित्रकारापेक्षां भिवा नशीबवान् ठरला. पुण्यांतून पावसांत निघून चोरट्या वाटांनीं हिंडणारा तो माणूस नसता तर प्रिन्सिपलसाहेबांचीं कित्येक पानें कोरीं राहिलीं असतीं, असें म्हटल्यानें प्रिन्सिपलसाहेबांची योग्यता कमी होत नाहीं.

भिडे यांच्या नांवाचें पुढें एक गवतच झालें. सह्याद्रीच्या सड्यांवर उगवणाऱ्या एका गवताच्या कुळाला ‘भिडिया’ म्हणतात. जगाच्या वनस्पतिकोशांत एका मराठी आडनांवानें अशी जागा पटकावली आहे, आणि तीही गवतांत, ही गोष्ट शोभण्यासारखी आहे.

मराठी सुशिक्षितांतून या विद्येकडे वळलेला आणखी एक माणूस म्हणजे कान्होबा कीर्तिकर. लष्करांतले शल्यवैद्य, आणि मराठी कवि. मुंबईंत १८८३ सालीं आठ जणांनीं स्थापिलेल्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकांतून त्यांनीं मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. बडोद्याच्या १९०९ सालच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. हिंदुस्थानांतल्या औषधी वनस्पतींवरील त्यांचा व मेजर बसूंचा प्रचंड ग्रंथ १९१८ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. कवितेचें आणि कंदमुळांचें असें सख्य मराठींत पुन्हां फारसें जमलें नाहीं.

इकडे ग्रंथ वाढत होते तेव्हां डोंगरांत दुसरेंच कांहीं घडत होतें. १८७८ सालच्या कायद्यानें सरकारी जंगलांच्या हद्दी आंखल्या गेल्या. भाताचें रोप करण्यापूर्वी शेताच्या तुकड्यावर फांद्या, पाला आणि शेण पसरून जाळण्याची जी राबाची पद्धत, तिच्यासाठीं लागणाऱ्या तोडीवर बंधनें आलीं, चराईवर आलीं. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत ओरड इतकी वाढली कीं सरकारला चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें आणि त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला. जंगल वांचविण्याचा हेतु खोटा नव्हता. गिब्सननेंच जंगलतोडीमुळें ओढे आटतात म्हणून कंपनीला बजाविलें होतें. परंतु ज्यांना बाराही महिन्यांची वाट ठाऊक, तेच आपल्या रानांत गुन्हेगार ठरूं लागले, आणि ज्यांना उन्हाळ्याचीच वाट ठाऊक, ते त्या रानाचे राखणदार झाले. या अदलाबदलींत किती कंदांचीं, किती फुलांचीं नांवें विसरलीं गेलीं तें कोणत्याही यादींत सांपडणार नाहीं.

एक नांव मात्र विसरलें गेलें नाहीं, तें कारवीचें. घाटाच्या उतारांवर पुरुषभर उंचीचीं हीं झुडपें दाट माजतात. त्यांच्या सरळ काड्या विणून, वरून शेणमातीचा गिलावा करून डोंगरकरी आपल्या घरांचे कूड घालतात. सात वर्षें हें झुडूप नुसतें वाढतें. मग एका पावसाळ्यांत, श्रावण-भाद्रपदांत, डोंगरच्या डोंगर एकदम जांभळे होतात. कांहीं भागांत हा हिशेब आठ वर्षांचा धरतात. त्या वर्षीं मधमाश्यांना सुगी येते आणि कारवीचा मध उतरतो. फुलून झालें कीं झुडूप मरतें. लहान पोराचें वय किती म्हणून विचारलें तर ‘मागच्या कारवीच्या वेळीं रांगत होता’ असें उत्तर देण्याजोगें हें कालमापन आहे. ब्रेमेकॅम्प नांवाच्या डच शास्त्रज्ञानें १९४४ सालीं कारवीचें वेगळें कुळ मानलें आणि त्याला ‘कार्व्हिया’ हेंच नांव दिलें. पुढच्यांनीं तें कुळ मोडून जुन्यांत मिसळून टाकलें, तरी कांहीं वर्षें का होईना, कुडाच्या भिंतींतली काडी लॅटिन वेषांत मिरवून आली.

फुलांच्या हंगामांत स्वतः डोंगरांत राहून लिहिण्याची रीत पडण्यास विसावें शतक बरेंच पुढें जावें लागलें. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत एथलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटानें वनस्पतिसंग्रह उभारला. कॅसलरॉक येथें जन्मलेला चार्ल्स मॅककॅन त्याच्याबरोबर घाटांतून हिंडला, आणि दोघांचा मुंबई इलाख्यांतल्या गवतांवरील ग्रंथ १९३५ सालीं निघाला. ब्लॅटरच्या मागून त्याच कॉलेजांत फादर सांतापाव आले. जन्मानें स्पॅनिश, पुढें भारताचे नागरिक. त्यांनीं खंडाळा निवडलें. रेल्वेनें चार तासांच्या आंत पोंचणारें, पुणेंकर-मुंबईकरांना सवयीचें झालेलें तें गांव. कोणालाही वाटावें कीं तेथें नवें काय असणार? सांतापाव तेथें पावसाळ्यांतही जात राहिले, तेंच ओढे, तेच उतार पुन्हां पुन्हां पाहत राहिले, आणि १९५३ सालीं त्यांचें खंडाळ्याच्या वनस्पतींचें पुस्तक प्रसिद्ध झालें. कोणतें फूल कोणत्या महिन्यांत, कोणत्या वळणावर, हें सांगणारें तें पुस्तक आहे. मुंबईच्या हद्दींतच, बोरिवलीच्या रानांतून, त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें मुसळीची एक नवी जात उजेडांत आणली; तिच्या शास्त्रीय नांवांत बोरिवली कायमची बसली आहे.

अशीच गोष्ट कंदीलपुष्पांची. गवताच्या आधारानें वर चढणारी किंवा उभी राहणारी ही एक कृश वनस्पति. तिचें फूल कागदाच्या कंदिलासारखें: खालीं फुगीर, मध्यें नळी, वर पांच पाकळ्यांचें छत्र. नळींत आंतल्या बाजूस वळलेले केस असतात. वासानें ओढली गेलेली चिलटें आंत उतरतात आणि केसांमुळें परत येऊं शकत नाहींत; परागाचें काम झाल्यावर केस सुकतात, फूल लवतें आणि कैदी सुटतात. या कुळाच्या कित्येक जाती सह्याद्रीवांचून जगांत कोठेंच नाहींत. पांचगणी, सह्याद्रि, मॅककॅन, सांतापाव हीं सारीं नांवें या जातींना मिळालेलीं आहेत. पुण्यांत १९५५ सालीं भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागाचें ठाणें निघाल्यावर तेथील अभ्यासकांनीं या फुलांमागें वर्षानुवर्षें डोंगर पालथे घातले. ते जेव्हां कड्याच्या पोटांत गुडघे टेकून एखादी दुर्मिळ वेल शोधीत, तेव्हां शेजारीं गुरें राखणारा पोर ती सहज ओळखून दाखवी. कारण साधें होतें: तिचा कंद गोड लागतो, आणि तो त्यानें लहानपणापासून खाल्लेला होता.

त्याच सुमारास मराठी वाचकाचीही नजर पालटत होती. दुर्गा भागवतांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ सालीं निघालें. बारा महिन्यांचीं बारा रूपें शहराच्या खिडकींतूनही पाहतां येतात, हें त्या पुस्तकानें अनेक घरांना दाखविलें. डोंगर चढणारे तरुण गट मुंबई-पुण्यांत उभे राहिले. किल्ले पाहणारे किल्ल्याच्या वाटेवरचें फूलही पाहूं लागले, आणि पावसाळ्यांत डोंगरांत जाणें हा वेडेपणा न राहतां हौस झाली.

ती हौस अखेर सातारच्या पश्चिमेस कासच्या सड्यावर येऊन थडकली. येथून जवळच्या तळ्याचें पाणी पूर्वीपासून सातारा शहरास जातें. याच पठारावर १९८२ सालीं वायतुरा ही जलवनस्पति नवी म्हणून नोंदली गेली. तिचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो. जिल्ह्याचें नांव तिच्या शास्त्रीय नांवांत आहे. २०१२ सालीं पश्चिम घाटांतल्या एकोणचाळीस जागांपैकीं एक म्हणून कासचा समावेश जागतिक वारशांत झाला, आणि भाद्रपदांतल्या रविवारीं त्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागूं लागली. जी फारकत महाबळेश्वरीं पडली होती ती येथें मिटली. माणसांचा आणि फुलांचा हंगाम प्रथमच एक झाला.

तो एक झाल्याबरोबर नवें संकट उभें राहिलें. बोटभर मातीवर उगवलेल्या गेंदाला पायतणाचा एक ठसा पुरतो. छायाचित्रासाठीं फुलांत लोळणारांना आवरतां आवरतां गांवकऱ्यांच्या नाकीं नऊ आले. प्रवेशाला शुल्क आणि संख्येला मर्यादा घालावी लागली. पठारासभोंवार तारेचें कुंपण उभें राहिलें. परंतु तारेनें पाहुण्यांबरोबर गुरेंही बाहेर ठेवलीं, आणि कांहीं वर्षांत गवत माजून बारीक फुलांना दाबूं लागल्याची तक्रार गांवकरी करूं लागले. गुरांच्या दाढेखालीं गवत खुजें राहतें म्हणून सड्यावरच्या बोटभर उंचीच्या फुलाला ऊन मिळतें, ही गोष्ट धनगराला सांगावी लागत नाहीं. पुढें तें कुंपण काढण्यांत आलें. राबाच्या काळांतला जुना वाद नव्या जागीं पुन्हां उभा राहिला होता, आणि या खेपेस निकाल निदान कांहीं अंशीं गुरें चारणाराच्या बाजूनें लागला.

कासचा हंगाम आश्विनांत आटोपतो. मोटारी जातात, हातगाड्या उठतात, पठार तपकिरी होतें. कारवीचें वर्ष असेल तर उतारांवर मेलेल्या झुडपांच्या काड्या उभ्या असतात आणि त्यांवर वाळलेलीं बोंडें हिंवाळाभर, उन्हाळाभर तशींच मिटून राहतात. जूनमध्यें पहिला पाऊस त्यांवर पडला कीं तीं भिजून तडकतात आणि बी दूर उडतें. सारा उतार तडतडत राहतो, जणूं कोणी ओल्या रानांत लाह्या भाजतो आहे. घाटाखालच्या वाड्यांतलीं माणसें तेव्हां भाताच्या पेरणीला वांकलेलीं असतात, आणि त्यांना तो आवाज कामांतून मान वर न करतांही ओळखतां येतो.